चिंचओढ्याच्या माशांची वागणूक

मासा या प्राण्याशी माझा संबंध पंचांगातल्या मीन राशीपुरता होता. तीही माझी रास नव्हे, सासऱ्यांची. असं असताना पस्तीस सालच्या चैत्रात सोलापूरच्या आमच्या गल्लीत मला 'मासेवाले मोहोळकर' हे नाव पडलं. त्यात माझा दोष असलाच तर एवढाच, की साहेब तोंडात पाईप धरून बोलतात तेव्हा त्यांचं इंग्रजी मला निम्मंच ऐकू येतं.

मी तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. हंगामी हेडक्लार्क. हंगामी हा शब्द ज्वारीला शोभतो, पण ज्वारीसुद्धा चार महिन्यांत कापली जाऊन मोकळी होते. मी चार वर्षं शेतात उभाच होतो. मला कायम करण्याविषयीचा कागद पुण्याला थोरल्या साहेबांच्या टेबलावर पडून होता. तो तिथं आहे हे मला नक्की ठाऊक होतं, कारण तो मीच लिहिला होता आणि लाखसुद्धा मीच लावली होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी आमचे विल्मट साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पाईप तोंडात होताच. मला ऐकू आलं ते असं : "डू यू विश, मोहोळकर?"

तुझी काही इच्छा आहे का? चार वर्षांत हे विचारायला कोणी आलं नव्हतं. मी उभा राहिलो, कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणालो, "ऑल्वेज, सर."

"फॉर हाऊ लाँग?"

"फोर इयर्स, सर."

"व्हेअर?"

"इन धिस व्हेरी ऑफिस, सर."

साहेबांनी पाईप हातात घेतला आणि ते इतके हसले की शिपाई कुंडलिक दारातून डोकावून गेला. पाईप निघाल्यावर त्यांचं इंग्रजी स्वच्छ झालं आणि मला कळलं, की त्यांनी 'विश' विचारलं नव्हतं, 'फिश' विचारलं होतं. तू मासे धरतोस का? पण आता उशीर झाला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, मला हवा होता तो गमत्या माणूस तूच.

गोष्ट अशी होती. शहरापासून सहा मैलांवर सीना नदीकडे जाणाऱ्या वाटेवर चिंचओढा लागतो. त्यावर आमच्या खात्याचा लहानसा बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक डोह. दोन वर्षांपूर्वी विल्मट साहेबांनी त्या डोहात महशीर जातीच्या माशांची तीनशे पिल्लं आणून सोडली होती. पिंपांतून, आगगाडीनं, वाटेत प्रत्येक स्टेशनावर पाणी बदलत. माझी बदली झाली तेव्हा मला बार्शीहून सोलापूरला बैलगाडीतून आणलं होतं, आणि वाटेत पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. पण ते असो.

ती पिल्लं आता मोठी झाली असणार, आणि ईस्टरच्या सुट्टीत पुण्याचे थोरले साहेब गळ टाकायला येणार. तोवर दर रविवारी ओढ्यावर जाऊन परिस्थितीचा रिपोर्ट कोणीतरी लिहायला हवा होता. साहेबांनी मला एक छापील तक्ता दिला. त्यात पाण्याची खोली, पाण्याचा रंग, पाण्याची उष्णता, वारा, असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता 'माशांची वागणूक'.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ही, म्हणजे आमचं कुटुंब, तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "वागणुकीचा दाखला कोणाच्या सहीनं द्यायचा? तुमच्या?"

आमच्या भिंतीला भिंत लावून चन्नवीरप्पा राहत. त्यांचं कापडाचं दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि गुप्त गोष्टी दोन्ही भाषांत सांगायची हातोटी. त्यांनी भिंतीवरून ऐकलंच होतं. ते मुद्दाम येऊन माझ्याजवळ बसले.

"बघा मोहोळकरराव, तुम्ही बामण, मी लिंगायत. मासा दोघांच्याही ताटात नाही. आता मासा बघायला जाणं वेगळं आणि खायला जाणं वेगळं, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. लोकांना कोण समजावणार? म्हणून मी कुणाला सांगणार नाही रीं."

त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यानं तीर्थ माझ्या हातावर जरा उंचावरून सोडलं.

पहिल्या रविवारी मी टांग्यानं ओढ्यावर गेलो. बंधाऱ्याचा राखणदार ज्ञानबा भोई तिथंच खोपट करून राहत असे. पन्नाशीचा, सडसडीत, आणि विचारलं तेवढ्यालाच उत्तर देणारा. असा माणूस सरकारी नोकरीत दुर्मिळ, म्हणून मला तो एकदम आवडला. त्या आवडीची किंमत पुढं कळली.

"ज्ञानबा, मासे आहेत का?"

"हायती की."

"बरे आहेत?"

"पान्यात हायती. बरंच आसतील."

"वागणूक कशी आहे?"

ज्ञानबानं डोहाकडं बघत बराच विचार केला. "गरीब हायती," तो म्हणाला. "कुनाच्या अद्यात न्हाईत, मद्यात न्हाईत."

खोली मोजायला तो स्वतः पाण्यात उतरला आणि ते त्याच्या कमरेला लागलं. उष्णतेचं अवघड झालं. कचेरीनं तक्ता दिला होता, यंत्र दिलं नव्हतं. मी घरून ताप मोजायची काचेची नळी नेली होती, ती पाण्यात धरली. पारा जागचा हलला नाही.

रात्रभर शब्दकोश चाळत बसण्यापेक्षा मी तिथंच दगडावर बसून रिपोर्ट लिहिला, अगदी प्रामाणिक. खोली : राखणदाराच्या कमरेइतकी. उष्णता : पाण्याला ताप नाही. माशांची वागणूक : शांत स्वभावाचे असून कोणाच्याही व्यवहारात ढवळाढवळ करत नाहीत. खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' आणि सही.

सोमवारी साहेबांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, दुसरं काही असेल. पण त्यांनी मला बोलावून हात हातात घेतला आणि सांगितलं, की असा रिपोर्ट मी विलायतेतसुद्धा वाचलेला नाही. तो पुण्याला गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. पुण्याच्या क्लबात ते जेवणानंतर मोठ्यानं वाचतात, असं कळलं. माणसानं मन लावून, व्याकरण सांभाळून गंभीर लिहावं आणि वाचणाऱ्यांनी पोट धरून हसावं, याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं. पण हंगामी माणसाला दुःखसुद्धा हंगामीच करता येतं.

मग पुण्याहून पत्र आलं. थोरले साहेब एकटे येणार नव्हते. सोबत चार दोस्त, दोन मडमा, तंबू आणि खानसामा. शिवाय रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाला भेटण्याची त्यांची फार इच्छा होती. विल्मट साहेब मला म्हणाले, "तुझ्या कागदाची गोष्ट तेव्हाच काढू. दोन चांगले मासे लागू देत म्हणजे झालं."

म्हणजे माझं कायम होणं आता माशांच्या भुकेवर आलं.

रामनवमी शुक्रवारी झाली. शनिवारी दुपारी आभाळ काळं झालं आणि वळीव असा कोसळला, की साखरपेठेत विणकरांच्या मागांखाली पाणी शिरलं. गारा पडल्या. आमच्या परसातला पपईचं झाड मोडून चन्नवीरप्पांच्या हद्दीत पडलं, आणि त्यावरच्या पपया कोणाच्या, या प्रश्नाला सुरुवात होणार तेवढ्यात कुंडलिक भिजत साहेबांची चिठ्ठी घेऊन आला. 'मोठ्या पावसानंतर ओढ्याची परिस्थिती काय? ताबडतोब जा.'

रविवारी सकाळी गेलो. टांगेवाला दोन मैल अलीकडंच थांबला. पुढची काळी माती तुडवत मी पोचलो तेव्हा एकेका जोड्याला शेर-दीड शेर सोलापूर जिल्हा चिकटला होता. ओढा दुथडी वाहत होता. पाणी उकळलेल्या चहासारखं, आणि बंधारा त्याखाली कुठं तरी असावा, एवढंच.

ज्ञानबा चिंचेखाली बसला होता. त्याची बायको केराबाई भिजलेलं जळण उन्हात मांडत होती.

"ज्ञानबा, मासे वाहून गेले का?"

"कंचं मासं?"

"साहेबांचे. महशीर."

ज्ञानबानं डोक्याचं मुंडासं काढून परत बांधलं. "त्ये आता न्हाई गेलं," तो म्हणाला. "त्ये गेल्या सालीच गेलं. उन्हाळ्यात ह्यो डव्ह गुडघ्याइतका आटला. निम्मं मेलं. ऱ्हायलेलं पैल्या पावसात खाली सीनंला गेलं. हितं आता मरळ हाय, वाम हाय. सायबाचा एक बी न्हाई."

माझ्या पायांखालची माती निसरडी होतीच, ती अधिक निसरडी झाली. "मग मी दर रविवारी विचारत होतो, तेव्हा हायती म्हणालास."

"तुमी मासं हाय का इचारलं. सायबाचं हाय का, आसं कुटं इचारलं?"

केराबाई जळण मांडता मांडता म्हणाली, "त्येंचं बी चुकलंच की. पर सायबाचं मासं संपलं म्हनून सांगितलं आस्तं तर राखनदार कशाला ठेवला आस्ता? हितनं उटून आमी जावावं कुटं?"

मी हंगामी, ज्ञानबा माशांच्या आधारावर, आणि मासे सीनेत.

तोड ज्ञानबानंच काढली. सीनेच्या खालच्या डोहात त्याचा मेव्हणा जाळं टाकतो. तिथं साहेबाच्या जातीचा एखादा मासा जिता मिळेल. तो इथं आणून सोडायचा. "एकच?" मी विचारलं. ज्ञानबा म्हणाला, "सायेब, गळ टाकनाऱ्याला मासा घावाय लागत न्हाई. नुसता दिसाय लागतोय. एकदा उडी मारताना दिसला, की दोन दीस बसतो मानूस." हे वाक्य मी पुढं कित्येकदा आठवलं. सरकारी नोकरीलाही ते लागू पडतं.

सोमवारी मासा मिळाला. पण ओढ्याला अजून ओढ होती. आता सोडला असता तर तो संध्याकाळपर्यंत पुन्हा मेव्हण्याच्या जाळ्यात गेला असता. पाणी निवळायला शुक्रवार उजाडणार. तोवर त्याला ठेवायचा कुठं? ज्ञानबाच्या खोपटात मडकी होती, पण मासा हाताच्या कोपरापर्यंत लांब होता. दगडी हौद होता तो आमच्या परसात.

मी तो मासा घागरीत घालून, घागरीवर उपरणं टाकून, भर दुपारी टांग्यातून घरी आणला. वाटेत भेटलेल्या तीन माणसांनी 'काय, गंगा वगैरे आणली काय?' असं विचारलं. मी मान हलवली. खोटं बोललो नाही. मान हलण्याला टांग्याचे धक्के कारण होते.

ही परसात आली तेव्हा मासा हौदात फिरत होता. सोनेरी झाक असलेला, मोठ्या खवल्यांचा, आणि आम्हा दोघांपेक्षा शांत. हिनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. मी बोलण्याची वाट बघत होतो. रडली असती, माहेरी जाते म्हणाली असती, तर माझ्याकडं उत्तरं तयार होती.

"किती दिवस राहणार आहेत?" तिनं विचारलं.

"शुक्रवारपर्यंत."

"मग पाणी कुठून आणायचं, ते तुम्ही बघा. हे मी आता सोवळ्याला घेणार नाही." आणि मी काही बघायच्या आत घागर उचलून ती चन्नवीरप्पांच्या विहिरीवर गेली.

अशा रीतीनं चन्नवीरप्पांना पाचव्या मिनिटाला कळलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. मंगळवारी आमच्या परसात इतकी माणसं आली, की मारुतीच्या पुजाऱ्यानंही येऊन, लांबून, मत्स्य हा पहिला अवतार असल्याचं सांगितलं आणि तीर्थ द्यायची उंची पूर्ववत केली. चन्नवीरप्पा हौदाच्या काठावर बसून येणाऱ्याला माहिती देत. "साहेबाचा मासा आहे. मोहोळकररावांच्या जबाबदारीवर ठेवलाय. मी कुणाला सांगितलेलं नाही."

खरी जाणकार एकच आली, कमलम्मा. साखरपेठेतली तेलुगू विणकरीण, आमच्याकडं लुगडी दाखवायला यायची. तिनं मासा बघून हाताच्या पंजांनी लांबी मोजली आणि म्हणाली, "चांगला आहे अम्मा. चिंचेचा कोळ घालून..."

"कमलम्मा," ही म्हणाली, "आमच्या घरी तो पाहुणा आहे."

कमलम्मानं वाक्य तिथंच सोडलं. मग तिनं हात धुतले आणि कणकेच्या गोळ्या हरभऱ्याएवढ्या कशा वळायच्या, ते हिला दाखवलं. जास्त घालायच्या नाहीत, पाणी रोज निम्मं बदलायचं, दुपारी हौदावर गोणपाट टाकायचं. ही ऐकत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मी सांगितलेलं तिनं इतक्या लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

आम्हाला मूलबाळ नाही. हे मी एरवी सांगत नाही, इथं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगतो. बुधवारी मी कचेरीतून आलो तेव्हा ही हौदाच्या काठावर बसली होती. मासा तिच्या बोटांपाशी येऊन तोंड उघडत होता. बांगड्या वाजल्या की तो वर यायचा. ती त्याला काहीतरी सांगत होती. मला बघून थांबली.

"साहेब त्याचं काय करणार?" तिनं विचारलं.

"धरणार."

"आणि?"

"आणि... बघणार."

"बघायला धरावं कशाला लागतं? इथं येऊन बघावा. मी चहा करीन."

मी गळ म्हणजे काय, हे सांगायचं टाळलं. पण कमलम्मानं ते सकाळीच सांगितलं होतं. गुरुवारी ही माझ्याशी अजिबात बोलली नाही. ताट वाढलं, पाट मांडला, सगळं वेळच्या वेळी. अबोल्याचा त्रास होत नाही, नीट वाढलेल्या ताटाचा होतो.

एवढंच एकदा, भात वाढताना, म्हणाली, "तुम्ही कायम व्हाल. आणि तो?"

शुक्रवारी सकाळी सहाला टांगा दारात होता. ओढा निवळला होता; ज्ञानबाचा निरोप आला होता. मला वाटलं होतं, ही आत तोंड झाकून पडून राहील. पण ती आधीच उठून तयार होती. तांब्याचा मोठा हंडा भरून, तोंडाला ओलं फडकं घट्ट बांधून तिनं तो अंगणात आणून ठेवला होता. चन्नवीरप्पांनी हंडा टांग्यात चढवायला हात लावला आणि का कोण जाणे, खोकले.

"फडकं सोडू नका," ही म्हणाली. "वाटेत उडी मारेल." आणि शांतपणे आत गेली. बायकांचं मन वेळेला किती कठोर होतं, असा विचार करत मी निघालो.

सहा मैल हंडा माझ्या मांडीशी होता. धक्का बसला की आत पाणी डचमळे आणि मला वाटे, तो अस्वस्थ झालाय. मी फडक्यावर हात ठेवून बसलो. माझ्या मनात थोरल्या साहेबांच्या टेबलावरचा कागद होता, असं मी शपथेवर सांगायला तयार होतो. पण मला सारखी दिसत होती ती कणकेची गोळी, आणि तिच्यामागं लोखंडाचा आकडा.

ओढ्यावर तंबू लागले होते. साहेब लोक न्याहारी करत होते. सोडलेला मासा निसटू नये म्हणून ज्ञानबानं डोहाच्या सांडव्याकडच्या तोंडाला जाळं आडवं बांधून ठेवलं होतं. मी हंडा घेऊन बंधाऱ्यावर चढलो. डावीकडं डोह, निवळून हिरवा झालेला. उजवीकडं सांडव्याचं पाणी खळाळत खाली, सीनेकडं चाललेलं.

मी तिथं किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. माझ्यासारखी माणसं मोठे निर्णय घेत नाहीत. ते आमच्यासाठी वरून येतात. मी फडकं सोडलं, डोळे मिटले आणि हंडा उजवीकडं रिता केला.

डोळे उघडले तेव्हा ज्ञानबा शेजारी होता.

"सायेब, हे काय केलंसा?"

"हात घसरला," मी म्हणालो.

ज्ञानबानं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तो जाळं सोडायला गेला.

साहेब लोक दोन दिवस बसले. सकाळी बसले, संध्याकाळी बसले, टोप्या बदलून बसले. एका मडमेला एक मरळ लागला, तो तिनं किंचाळून परत टाकला. बाकी काही नाही. विल्मट साहेबांचा चेहरा घटकेघटकेला उतरत होता.

शनिवारी संध्याकाळी थोरल्या साहेबांनी मला बोलावलं. पांढऱ्या मिशांचा, दुपारच्या उन्हानं लालबुंद झालेला म्हातारा, वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. मी ठरवून गेलो होतो. ज्ञानबाचं नाव येऊ द्यायचं नाही, पण खरं सांगून टाकायचं. चार वर्षं उभा राहिलेला माणूस बसला काय आणि पडला काय.

"सर," मी म्हणालो, "या ओढ्यात आपला एकही मासा नाही. गेल्या वर्षापासून नाही. मी आजवर ज्यांच्या वागणुकीबद्दल लिहिलं, ते इथं हजरच नव्हते."

थोरल्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग ते हसू लागले. दोस्त हसले, मडमा हसल्या, खानसामा हसला. हसता हसता साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रुमालानं टिपत ते विल्मट साहेबांना म्हणाले, "जसा लिहितो तसाच बोलतो."

मी पुन्हा सांगितलं, स्पष्ट उच्चार करून. ते पुन्हा हसले.

मग ते गंभीर झाले आणि मला समजावू लागले, की असं वाईट वाटून घेऊ नकोस. मासे आहेत. शुक्रवारी पहाटे त्यांनी स्वतः एक उडी मारताना पाहिला होता. मोठ्या पावसानंतर असंच होतं, पाणी निवळलं तरी माशाचं मन आठवडाभर निवळत नाही. मासे मिळाले नाहीत, तरी अशी सुट्टी त्यांनी वर्षानुवर्षांत घालवली नव्हती. येत्या थंडीत आणखी हजार पिल्लं पाठवू, आणि ती सगळी मोहोळकरच्या हाताखाली राहतील. अशा कामाला हंगामी माणूस चालायचा नाही.

मी कायम झालो. ज्ञानबाही राहिला. खरं बोलल्याचं फळ मिळतं म्हणतात ते खोटं नाही. फक्त समोरच्याला ते खरं वाटता कामा नये.

ही बातमी घेऊन मी रविवारी घरी आलो, पण ती सांगायची कशी, हे कळत नव्हतं. कायम झालो म्हटलं तर ती म्हणणार, त्याच्या जिवावर. म्हणून आधी माशाची खरी हकीकत सांगायची, असं ठरवून मी परसात गेलो.

हौदावर गोणपाट होतं. ही काठावर बसली होती. बांगड्या वाजल्या, आणि पाण्यातून सोनेरी पाठ वर आली.

मी पायरीवर बसलो.

"हंड्यात काय होतं?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "चन्नवीरप्पांच्या विहिरीचं. म्हटलं, तुम्हाला आधी सांगितलं तर तुमच्याच्यानं साहेबांपुढं तोंड सांभाळलं जायचं नाही. ओतल्यावर दिसला नाही म्हणजे डोहात पळून गेला, असं तुम्हाला वाटेल."

"चन्नवीरप्पांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच पाणी भरू दिलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

ही मात्र त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ असावी.

मग मी कायम झाल्याचं सांगितलं आणि माझी हकीकतही सांगितली. मी बंधाऱ्यावर उभा राहिलो, साहेबांचा डोह डावीकडं असताना हंडा उजवीकडं ओतला, त्याला सोडून दिला. हिनं कणकेची गोळी वळता वळता ऐकून घेतलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "कायम व्हायच्या आदल्या दिवशी?"

"अगं, खरंच."

"असू दे. जेवायला चला."

साहेबांनी विश्वास ठेवला नाही त्याचं मला काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं. आयुष्यात एकदा माणसाच्या हातून बरं काही घडावं, आणि ते विहिरीच्या पाण्यावर घडावं. मी तीन आठवडे तो विषय काढला नाही. हौदाकडंही फिरकलो नाही.

वैशाखात एका मंगळवारी ज्ञानबा आणि केराबाई बाजाराला आली होती, ती पानसुपारीला घरी आली. ज्ञानबानं हौदातला मासा पाहिला आणि त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"ह्यो हितंच हाय व्हय," तो म्हणाला. "तरीच. वैनी, मी म्हनलं, ह्या सायबाचं डोस्कं फिरलं. डोळं मिटून, हात जोडल्यावानी हुबं ऱ्हाऊन, खालच्या अंगाला हंडा वतला आन् म्हनलं हात घसरला. हंड्यात तर नुस्तं पानी. मी घरी जाऊन हिला बी सांगितलं, मानूस चांगला हाय पर लई दीस टिकायचा न्हाई."

केराबाईनं मान डोलावली. "सांगितलं खरं."

ही उठली. चहा केला, त्यांना दिला, पोचवायला दारापर्यंत गेली. परत आली ती थेट माझ्याकडं, आणि तिनं एक कणकेची गोळी माझ्या हातावर ठेवली. मी हौदाशी जाऊन पाण्यात बोटं धरली. मासा आला नाही. ही मागं येऊन उभी राहिली, बांगड्या वाजल्या, तेव्हा आला आणि माझ्या हातची गोळी घेऊन गेला.

मृग लागल्यावर सीनेला पाणी आलं. त्या रविवारी आम्ही दोघं टांग्यानं निघालो, मेव्हण्याच्या डोहापासून चांगलं चार मैल खाली. काठावर हिनं हंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच सोडा." मी वाकलो, तर ती म्हणाली, "थांबा." तोंडाचं फडकं तिनं स्वतः सोडलं, हंडा माझ्याकडं कलता केला आणि म्हणाली, "आधी आत बघून घ्या."